रिकामा गाभारा : वसईचा फ्रान्सिस्कन मठ आणि आपली नजर

१

वसईच्या किल्ल्यात मराठी माणूस जातो तो बहुधा चिमाजी अप्पांना भेटायला. शाळेपासून ऐकलेली गोष्ट त्याच्या सोबत असते. वेढा, सुरुंग, तटाला पडलेले खिंडार, वज्रेश्वरीला केलेला नवस, आणि १७३९च्या मे महिन्यात गुढघे टेकलेला फिरंगी. ही गोष्ट तटाबुरुजांची आहे, त्यामुळे पाहणाऱ्याची नजरही तटाबुरुजांवरच राहते. किल्ल्याच्या आत झाडोऱ्यात उभ्या असलेल्या उंच, छप्पर नसलेल्या भिंती त्याला दिसतात. 'ही जुनी चर्चे' असे तो म्हणतो, कमानीखाली फोटो काढतो आणि पुढे जातो. नवी पिढी तर या भिंती पडद्यावरूनच ओळखते. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गाण्याची २०१६ साली प्रसिद्ध झालेली चित्रफीत इथे चित्रित झाली. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणारी जोडपी तर रोजचीच. वास्तू पार्श्वभूमी झाली की तिचा अर्थ विचारण्याची गरज उरत नाही.

या लेखात त्यातल्या एकाच वास्तूच्या आत जायचे आहे. ती म्हणजे संत अंतोनीचे चर्च आणि त्याला लागून असलेला फ्रान्सिस्कन मठ. वसईतल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते. प्रश्न असा आहे की मठाचे चर्च 'वाचायचे' कसे, आणि मराठी साहित्यविचाराला हे वाचन आजवर अवघड का गेले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मराठी वाङ्मयाला ख्रिस्ती धर्म चांगला परिचित आहे, पण तो शब्दांतून. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे. नारायण वामन टिळकांची भजने आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्या घरातली. ही सगळी परंपरा प्रॉटेस्टंट आहे, आणि प्रॉटेस्टंट उपासनेत प्रतिमेपेक्षा वचनाला मान. तिचे प्रार्थनामंदिर म्हणजे साधी, पांढऱ्या भिंतींची सभागृहासारखी इमारत. आम्हा विदर्भातल्या लोकांना तर 'मिशन' म्हटले की दवाखाना, शाळा आणि कौलारू प्रार्थनागृह एवढेच आठवते. यवतमाळात १९५३पासून १९८३पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, तिचाही वारसा याच वचनप्रधान वळणाचा. कॅथलिक बाजूला पाहावे, तर तिथेही आपल्या हाती लागतो तो ग्रंथच: फादर थॉमस स्टीफन्सचे १६१६ साली राशोल इथे छापलेले 'क्रिस्तपुराण'. जवळपास अकरा हजार ओव्यांचे हे पुराण आपण ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवून वाचतो, त्याच्या मराठीचे कौतुक करतो. पण ते ज्या जागेत ऐकले गेले त्या जागेचा विचार करत नाही. ख्रिस्ती ओवी आपण आपलीशी केली आणि ख्रिस्ती गाभारा मात्र परका ठेवला.

२

इतिहास थोडक्यात. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे पाच वर्षे हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचे मुख्य ठाणे होते. सैनिकांमागून साधू आले: फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. तटाच्या आत प्रत्येकाचा मठ उभा राहिला. फ्रान्सिस्कनांचा मुख्य माणूस अंतोनियो दो पोर्तो. सोळाव्या शतकाच्या मध्यात त्याने वसई आणि साष्टीत चर्चे उभारली, आणि देवळे पाडलीही. दुसरी गोष्ट त्याच्या संघाची इतिवृत्ते लपवत नाहीत, अभिमानाने सांगतात. बोरिवलीजवळचे मंडपेश्वरचे शैव लेणे याच काळात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले, वर मठ बांधला गेला, आणि एका शिल्पपटाच्या जागी भिंतीतच मोठा क्रूस कोरला गेला. १७३९नंतर तिथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज लेण्यात शिव आहे, भिंतीवर क्रूस आहे आणि डोक्यावर मठाचे अवशेष आहेत.

हे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे या चर्चच्या सौंदर्याविषयी लिहायचे आहे. सौंदर्य सांगताना हिंसा झाकली तर ती लबाडी होते. हिंसा सांगताना सौंदर्य नाकारले तर तो आंधळेपणा होतो. वसईवरचे बहुतेक लेखन या दोहोंपैकी एकीकडे झुकलेले आढळते. गर्सन द कुन्हा यांनी १८७६मध्ये चौल-वसईच्या पुराणवस्तूंवर पुस्तक लिहिले. त्यांनी शिलालेख टिपले, हरवलेल्या वैभवाची हळहळ व्यक्त केली. य. न. केळकरांनी 'वसईची मोहीम' लिहिली, तिचा विषयच मोहीम. एकाला नगरीचा शोक, दुसऱ्याला विजयाचा हिशेब. दोन्ही आवश्यक आहेत. पण शोक आणि विजय या दोन दारांतून आत गेलेला माणूस मधल्या दालनात थांबत नाही.

३

आत गेल्यावर पहिल्यांदा पायांखाली पाहावे. संत अंतोनीच्या चर्चची जमीन म्हणजे स्मशान आहे. दगडी फरशा एकेकट्या पडलेल्या. काहींवर घराण्याची ढालचिन्हे, काहींवर पोर्तुगीज अक्षरे. कोण पुरला आहे, कधी वारला, ही कबर कुणाच्या वारसांची, असा मजकूर. उपासनेच्या जागी मृतदेह पुरणे हे हिंदू मनाला विचित्र वाटते, कारण आपल्याकडे मरण देवळाच्या बाहेर ठेवायचे असते, सुतक फिटल्यावरच देवदर्शन. पण समाधीपुढे डोके टेकवणाऱ्या महाराष्ट्राला हे इतके परके वाटू नये. आळंदीला आपण जातो ते समाधीलाच.

फरक एवढाच की आळंदीची समाधी संताची आहे आणि इथल्या कबरी जमीनदारांच्या. या फरकात मठाचे अर्थकारण दडले आहे. फ्रान्सिस्कन साधू माधुकरीवर जगणारे. संघाच्या नियमाप्रमाणे त्यांना मालमत्ता ठेवता येत नाही. मग एवढे मोठे चर्च उभे राहिले कसे? तर श्रीमंत घराण्यांनी बाजूच्या देवळ्या, म्हणजे कपेला, बांधून दिल्या, त्यांची देखभाल उचलली, आणि बदल्यात तिथे आपल्या कुटुंबाला पुरण्याचा आणि आत्म्यासाठी मिस्सा म्हणवून घेण्याचा हक्क मिळवला. भिक्षुकसंघांच्या चर्चमध्ये युरोपभर हीच रीत होती. वसईत या घराण्यांचा पैसा आला कुठून? पोर्तुगीज राजाने गावेच्या गावे फिदाल्गोंना, म्हणजे सरदारांना, भाडेपट्ट्याने दिली होती. त्या गावांचा भात, ऊस, केळी, पानवेली यांचे उत्पन्न या फरशांखाली जिरले आहे. म्हणजे फरशीवर ज्याचे नाव आहे तो एकटाच तिथे पुरलेला नाही. ज्याचे नाव कोरलेले नाही त्या कुणब्याचे, कोळ्याचे, भंडाऱ्याचे कष्टही तिथेच आहेत. पोर्तुगीज न येणाऱ्या वाचकालाही हा लेख वाचता येतो, आणि माझ्या मते या वास्तूतला हाच सर्वांत प्रांजळ मजकूर आहे.

आज या फरशांवरून आपण चपला-बुटांसकट चालतो. अक्षरे दर पावसाळ्यात थोडी पुसट होतात.

४

आता मान वर करावी. मधल्या मोठ्या दालनाला छप्पर नाही, वर आभाळ आहे. पण बाजूच्या कपेलांची कमानदार छते टिकली आहेत. द कुन्हांनी दीडशे वर्षांपूर्वी त्यांची नोंद केली, तीच आजही या चर्चमधली राखलेली गोष्ट आहे. मोठे कोसळले आणि लहान टिकले, कारण बांधणीच तशी. लहान अंतराची दगडी-चुनेगच्ची कमान स्वतःच्या वजनानेच घट्ट बसते. मोठ्या दालनावरचे छप्पर मात्र माणसांनी सतत शाकारावे लागते. शाकारणारे गेले की दोन-चार पावसाळ्यांत ते जाते. चर्च पाडायला शत्रू लागतोच असे नाही. वापर थांबला की कोकणचा पाऊस पुरे.

दालनाची रचना मठाचे चर्च गावच्या चर्चपेक्षा वेगळे का, हे सांगते. इथे एकच रुंद दालन असते, मध्ये खांबांच्या रांगा नसतात. फ्रान्सिस्कनांचे मुख्य काम प्रवचन. खांब आले की आवाज अडतो, श्रोता आडोशाला जातो. आपल्याकडे कीर्तनासाठी देवळापुढे मोकळा सभामंडप लागतो, तोच विचार. दुसरी खूण म्हणजे साधूंची जागा. दिवस-रात्रीच्या ठरलेल्या प्रहरांना त्यांना एकत्र स्तोत्रे म्हणावी लागत. त्यासाठी पोर्तुगीज मठांत प्रवेशदारावरच्या माडीवर गायनकक्ष असे. म्हणजे लोक खाली, तोंड वेदीकडे. साधू त्यांच्या मागे, वर, अदृश्य. भक्ताला आवाज ऐकू येई, गाणारा दिसत नसे. मठातून थेट माडीवर येण्याची वाट असल्यामुळे पहाटेच्या प्रार्थनेला साधूला लोकांच्या दालनात उतरावेही लागत नसे. एकाच छताखाली दोन चर्चे होती, लोकांचे आणि संघाचे, आणि त्यांना जोडणारा दुवा आवाज होता.

वसईत आज हा आवाज नाही, माडी नाही, वेदी नाही. टोकाची कमान ज्या जागेकडे उघडते ती जागा रिकामी आहे. म्हणून रिकामा गाभारा. तो कसा भरलेला होता हे समजायचे तर जुन्या गोव्यात जावे लागते.

५

जुन्या गोव्यातले असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च हे याच संघाचे. फ्रान्सिस्कन तिथे १५१७मध्ये आले. सध्याची इमारत १६६१ची, पण जुन्या चर्चचा दरवाजा तिच्यात जपून बसवलेला आहे. गडद दगडाचा, दोरखंडाच्या पिळासारख्या कोरीव कामाचा हा दरवाजा समुद्रमोहिमांच्या काळातल्या पोर्तुगीज मानुएल शैलीचा आहे. बाकी इमारत जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. दालन एकच, दोन्ही बाजूंना तीन-तीन कपेला. वसईचाच आराखडा, पण छतासकट.

इथे जमिनीवर तशाच ढालचिन्हांच्या कबरी आहेत. भिंतींवर मात्र वसईने जे गमावले ते दिसते. कपेलांना वेगळे करणाऱ्या भिंतींवर फुलापानांची दाट रंगीत वेलबुट्टी आहे. वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या चरित्रातले प्रसंग रंगवले आहेत. मुख्य वेदीचा कोरीव, सोनेरी मुलामा दिलेला पट छतापर्यंत चढतो. पवित्र प्रसादाच्या कोनाड्याखाली चार शुभवर्तमानकार आणि वर मोठ्या आकारात क्रूसावरचा ख्रिस्त आणि त्याच्यासोबत फ्रान्सिस. हीच कल्पना मुरिल्योने सेव्हिलच्या कापुचिन मठासाठी रंगवली. तिथे ख्रिस्त एक हात क्रूसावरून सोडवून फ्रान्सिसच्या खांद्यावर ठेवतो. सतराव्या शतकात ही प्रतिमा सेव्हिल आणि गोवा अशा दोन टोकांना एकाच संघाची ओळख बनली होती.

गोव्यातल्या या मूर्तींच्या पीठावर संघाची तीन व्रते कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. सोन्याच्या पटाच्या मध्यभागी 'दारिद्र्य' हा शब्द. टीकाकाराला हसू येण्यासारखी ही जागा, पण घाईने हसू नये. तुळशीमाळेचा वारकरी सोन्याचे अलंकार ल्यालेल्या विठोबापुढे उभा राहतो तेव्हा त्याला विसंगती वाटत नाही. स्वतःसाठी काही नको आणि देवासाठी सर्व काही, हा भाव त्याच्या ओळखीचा असतो. फ्रान्सिस्कनांचे म्हणणेही तेच असे. तरी तुलना इथे थांबते. विठोबाचे दागिने पंढरीला येणाऱ्यांच्या देवाचे आहेत. गोव्यातले सोने मात्र ज्यांच्या घामाचे, त्यांतल्या अनेकांची देवळे पाडून त्यांना या दालनात आणले होते. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या साधूंनी सत्तेची श्रीमंती नाकारली नाही, हा दोष वेदीच्या कारागिरीचा नसला तरी वेदीच्या अर्थाचा आहेच.

आणि तरीही वेलबुट्टीकडे पुन्हा पाहावे. बोधकथा युरोपातून आली, नमुनेही आले असतील. पण भिंत रंगवणारे आणि लाकूड कोरणारे हात मोठ्या प्रमाणात इथलेच होते. त्या पानांत मोकळी जागा सोडायची नाही, असा हट्ट दिसतो. आपल्या देवळांच्या द्वारशाखांत, लाकडी वाड्यांच्या तुळयांत हाच हट्ट आहे. आशय परका आणि हात ओळखीचा. 'क्रिस्तपुराणा'त नेमके हेच घडते, पण ओवीत ते आपल्याला लगेच दिसते आणि भिंतीवर दिसत नाही.

गोवा आणि वसई यांच्यात आणखी एक दगडी नाते आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेला होता. वसईचे वैभव पाहायचे तर काही अंशी गोव्यातच पाहावे लागते, याचा हा शब्दशः पुरावा.

६

आता कथेतली कळीची गोष्ट. वसईचा मठ रिकामा झाला १७३९मध्ये, मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर. शरणागतीच्या अटींप्रमाणे शिबंदी हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडली. साधू आणि सरदार गेले. गोव्यातला मठ रिकामा झाला १८३५मध्ये, आणि तो कुणा शत्रूने केला नाही. १८३४मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारनेच धार्मिक संघ बरखास्त केले, आणि पुढच्याच वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. ज्या राजसत्तेने साधूंना आणले तिनेच त्यांना बाहेर काढले. आज गोव्यातल्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. १९६४पासून तिथे कदंबकालीन मूर्ती, वीरगळ, सतीशिळा आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे एका छताखाली नांदतात. साधूंच्या खोल्यांत वीरगळ उभे आहेत.

म्हणजे 'मराठ्यांनी चर्च उद्ध्वस्त केले' किंवा 'पोर्तुगीजांनी धर्म टिकवला' ही दोन्ही वाक्ये या दोन वास्तूंपुढे अपुरी पडतात. मठ सत्तेच्या आधाराने उभा राहिला आणि सत्तेचे मन बदलताच रिकामा झाला, मग ती सत्ता कोणाचीही असो. टिकले ते मठाबाहेरचे. वसईच्या आसपासच्या गावांतले कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती लोक सरदारांबरोबर जहाजात बसले नाहीत. ते शेतात राहिले, त्यांची गावची चर्चे चालू राहिली, आणि १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हे लोक चर्चला 'देऊळ' म्हणतात. मठाच्या दोनशे वर्षांच्या लॅटिन स्तोत्रांना जे जमले नाही ते या एका शब्दाने केले. वास्तू परकी राहिली नाही.

याच मातीतला गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, जेझुइटांच्या शाळेत शिकलेला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झालेला. १५९७च्या फेब्रुवारीत नागासाकीत त्याला क्रूसावर मारले आणि १८६२मध्ये त्याला संतपद मिळाले. ज्यांचे नाव फरशीवर नाही त्यांच्यातला एक थेट वेदीवर पोहोचला.

७

रिकाम्या गाभाऱ्यातले काही अजून वाजते आहे. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळाच्या तटावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि तीही वसईच्या विजयाची खूण म्हणूनच ओळखली जाते. यातली कोणती कुठल्या चर्चची, हा प्रश्न इथे दुय्यम. महत्त्वाचे असे की चर्चच्या अंतर्भागातले जे सर्वांत हलते, सर्वांत ऐकू येणारे, ते महाराष्ट्राने आपल्याकडे घेतले. लुटीत घेतले हे खरे. पण वितळवून तोफा केल्या नाहीत, पुन्हा देवापुढेच टांगले. मरियेची आकृती कुणी घासून काढली नाही.

ही उदारता होती की केवळ विजयचिन्ह जसेच्या तसे दाखवण्याची हौस? माझ्या मते दोन्ही. पण हेतू काहीही असो, परिणाम झाला तो असा. वसईत गायनकक्षाचा आवाज थांबला, आणि घाटमाथ्यावर शंकरासमोर तीच धातू वाजत राहिली. घंटा वाजवणारा भक्त वर मान करून साल वाचत नाही. त्याला वाचायची गरजही नाही. ती गरज आपली आहे, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची.

२०१९च्या जानेवारीत ब्याण्णवावे साहित्यसंमेलन आमच्या यवतमाळात झाले. पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला 'धर्मगुरू' म्हणून विरोधही झाला. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या माणसाच्या मराठीपणाची परीक्षा घ्यावीशी काहींना वाटली, यामागेही मला तीच नजर दिसते. ख्रिस्ती ओवी आपली, ख्रिस्ती दालन परके. २०२४मध्ये फादर गेले. ते ज्या वसईतून आले तिथल्या या चर्चची जमीन आजही उघड्यावर आहे.

या जागेसाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. प्रत्येक कबरीवरचा मजकूर मराठीत भाषांतरित करून दालनाच्या बाजूला लावावा, फरशांवरून चालण्याची वाट आखून द्यावी, आणि चित्रीकरणाच्या परवानगीत ती पाळण्याची अट घालावी. द कुन्हांनी पोर्तुगीज अक्षरे टिपली. ती मराठीत वाचता येणे हा त्यांचा पुढचा टप्पा आहे. फिदाल्गोचे नाव वाचताना त्याच्या गावातला भात कुणी पिकवला हेही विचारता येईल. तेव्हा या गाभाऱ्यात वेदी नसली तरी तो रिकामा राहणार नाही.